जांभ्यातील विहीर, शेजारचा शोषखड्डा आणि पहिल्या पावसानंतरचे पाणी

पाणवठा | 19 जून, सकाळी 9:40

नमस्कार. राजापूर तालुक्यातील आमच्या गावात घराच्या मागील अंगणात आमची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. ती सासऱ्यांच्या वडिलांनी खोदली असून वरचा भाग जांभ्या चिऱ्यांनी बांधलेला आहे. व्यास सुमारे 3 मीटर आहे. या विहिरीचे पाणी गोड आणि हलके म्हणून वाडीतील चार घरे अजूनही पिण्यासाठी तेच नेतात.

मे महिन्याच्या मध्यात आम्ही पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला होता आणि अहवालात कोलिफॉर्म (दूषित पाण्याची खूण मानले जाणारे जिवाणू) आढळले नाहीत असे स्पष्ट लिहून आले होते. पहिला मोठा पाऊस 8 जूनच्या सुमारास झाला. त्यानंतर आठ दिवसांत माझ्या सासूबाईंना आणि दोन लहान मुलांना जुलाब झाले. जलजीवन मिशनमध्ये गावातील ज्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण मिळाले त्यांपैकी मी एक असल्याने घरी जिवाणू तपासणीची बाटली होती. पाणी भरून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली शाईसारखी काळी पडलेली होती.

विहिरीच्या वरच्या अंगाला दोन वर्षांपूर्वी आमच्या चुलत दिरांनी नवे घर बांधले. त्यांच्या सेप्टिक टाकीचा शोषखड्डा, म्हणजे टाकीतून आलेले पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, विहिरीपासून 18 मीटरवर आहे. अंतर 15 मीटरपेक्षा जास्त असावे असे सांगितले गेले होते, म्हणून त्यांनी टेप लावून मोजूनच खड्डा काढला. त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही, कारण त्यांनी नियम पाळला आहे आणि तेही हेच पाणी पितात. परंतु मे महिन्यात शुद्ध असलेले पाणी जूनमध्ये असे कसे झाले, आणि अंतर पुरेसे असूनही खड्ड्याचा संबंध असू शकतो का, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

शुद्धोदक | 19 जून, दुपारी 1:15

ताई, मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. आपण बाटली काळी पडल्यावर गप्प बसला नाहीत, हे फार बरे केलेत.

आधी त्या बाटलीविषयी. ही चाचणी 1982 मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी विकसित केली. आतड्यांतील विष्ठेसोबत बाहेर पडणारे बरेचसे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, आणि बाटलीतील कागदावरच्या लोहक्षाराशी त्याचा संयोग झाला की काळा रंग येतो. ही चाचणी सूचना देते, निवाडा देत नाही. जमिनीतील इतर काही जिवाणूंमुळे किंवा पाण्यात मुळात सल्फाइड असल्यासही बाटली काळी होते. म्हणून आता प्रयोगशाळेत ई. कोलायची तपासणी करून घ्या. हा जिवाणू माणसाच्या आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यांत राहतो, त्यामुळे तो पाण्यात सापडणे म्हणजे विष्ठेचा अंश पाण्यापर्यंत पोहोचल्याचा पुरावा होय. भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलिलिटर नमुन्यात तो अजिबात आढळता कामा नये. फ्लोराइड किंवा नायट्रेटला जशी एक मर्यादा दिलेली असते, तशी सूट येथे नाही.

आता मे महिन्याच्या अहवालाबद्दल. तो खोटा असेल असे मला वाटत नाही. मात्र तो त्या दिवशीच्या, त्या एका बाटलीतल्या पाण्यापुरताच खरा होता. कडक उन्हाळ्यात वरून झिरपणारे पाणी थांबलेले असते आणि खड्ड्यातला मैला कोरड्या जमिनीत अडकून पडतो. पहिल्या जोरदार पावसात तोच साठा एकदम खाली उतरतो. माझ्या नोकरीच्या काळात सर्वांत वाईट निकाल जून आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात येत असत, आणि सर्वाधिक नमुने मात्र मार्च-एप्रिलमध्ये येत असत. मला याची नेहमी खंत वाटे.

नमुना घेताना काळजी घ्या. निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी, घरची धुतलेली बाटली चालत नाही. क्लोरीन टाकलेल्या पाण्यासाठीच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट असते, ते धुऊन टाकू नये. ते नसेल तर वाटेत क्लोरीन जिवाणू मारत राहतो आणि अहवाल खोटा शुद्ध येतो. बाटली काठोकाठ न भरता थोडी जागा मोकळी सोडावी, बर्फात ठेवावी आणि शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावी.

कातळमाळ | 19 जून, रात्री 8:50

मी भूशास्त्र शिकवतो आणि माझे स्वतःचे घरही जांभ्यावरच आहे, म्हणून अंतराच्या प्रश्नाविषयी सविस्तर लिहितो.

दहा किंवा पंधरा मीटरचा नियम एका गृहीतकावर उभा आहे. शोषखड्ड्यातून निघालेले पाणी बारीक कणांच्या मातीतून हळूहळू पुढे सरकेल, वाटेत जिवाणू मातीच्या कणांना चिकटतील आणि विहिरीपर्यंत पोहोचण्याआधी मरून जातील, असे ते गृहीतक आहे. बारीक वाळूत आणि गाळाच्या मातीत हे बहुतांशी खरे ठरते. आपल्या जांभ्यात तसे होत नाही. चिरा फोडल्यावर आत दिसणारी भोके, नळ्या आणि पोकळ्या आठवा. त्यांतून पाणी गाळले जात नाही, ते वाहते. देशावरच्या काळ्या पाषाणातही भेगा आणि सांधे याच प्रकारे वागतात, पण जांभ्यातला वेग आणखी फसवा असतो, कारण दोन विहिरींमधली आतली वाट वरून कधीच दिसत नाही.

दुसरी गोष्ट खालच्या थराची. जांभ्याच्या खाली पांढरट-जांभळट चिकणमातीचा थर असतो, ज्याला आपल्याकडे शेडी म्हणतात. शेडीतून पाणी सहजासहजी उतरत नाही. त्यामुळे पावसाचे पाणी जांभ्यातून खाली येते, शेडीवर अडते आणि शेडीचा उतार जिकडे असेल तिकडे आडवे वाहू लागते. आपल्या डोंगरउतारावरचे झरे याच सांध्यावर फुटतात आणि बहुतेक जुन्या विहिरीही तिथपर्यंतच खोदलेल्या असतात. आता कल्पना करा की शोषखड्डाही त्याच सांध्याच्या जवळपास उतरला आहे. मग विहीर आणि खड्डा ही दोन वेगळी ठिकाणे राहत नाहीत, ती एकाच पन्हळीवर येतात.

तिसरी बाब ऋतूची आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जांभ्यातील पाण्याची पातळी काही दिवसांत कित्येक मीटर वर येते. खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातील भूजलाची सर्वांत वरची पातळी यांच्यात किमान 2 मीटर कोरडा थर असावा, असे शौचालयांच्या बांधकामाचे मार्गदर्शन सांगते. मे महिन्यात खड्डा खणणाऱ्या माणसाला तळ कोरडाठाक दिसतो आणि जुलैत तोच खड्डा पाण्यात बुडालेला असतो. ही उभी दिशा कोणी मोजत नाही. सगळा भर आडव्या टेपवर असतो.

आपण दोन गोष्टी सांगू शकाल का? खड्ड्याची खोली किती आहे, आणि पावसाळ्यात विहिरीतील पाणी जमिनीपासून किती खाली असते?

पाणवठा | 20 जून, सकाळी 7:30

शुद्धोदककाका, कातळमाळ सर, मनापासून आभार. दिरांना विचारले. खड्डा साडेतीन मीटर खोल आहे, आणि खणताना शेवटी शेडी लागली म्हणूनच काम थांबवले होते, असे ते म्हणाले. जुलै-ऑगस्टमध्ये विहिरीचे पाणी कठड्यापासून दीड-दोन मीटरवर येते. म्हणजे सरांनी लिहिले तसा खड्डा त्या काळात पाण्यातच असणार. त्यांचे अंगण आमच्यापेक्षा फार तर एक मीटर उंच आहे.

गावडॉक्टर | 20 जून, दुपारी 2:05

घरातील रुग्ण आता कसे आहेत? मुलांना तहान लागते का, लघवी होते का, डोळे खोल गेलेले दिसतात का, याकडे लक्ष ठेवा. जलसंजीवनीची पाकिटे नसतील तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजत राहा. शौचात रक्त आढळले, ताप वाढला किंवा मूल सुस्त झाले तर आरोग्य केंद्रात न्यायला उशीर करू नका.

पाण्यातून येणारे सर्वच आजार जिवाणूंचे नसतात. विषमज्वर, पटकी आणि रक्ती आव यांतील बराच भाग जिवाणूंमुळे होतो, पण कावीळ अ आणि ई विषाणूंमुळे होते. वाट मात्र एकच, मैल्यापासून तोंडापर्यंत. इचलकरंजीत 2012 मध्ये काविळीची मोठी साथ आली होती, ती पाण्यातूनच. ई. कोलाय हा त्या वाटेवरचा खुणेचा दगड आहे. तो सापडला की वाट उघडी आहे असे समजावे. तो सापडला नाही म्हणून विषाणू नाहीतच असे म्हणता येत नाही, कारण काही विषाणू क्लोरीनला त्याच्यापेक्षा अधिक काळ तोंड देतात.

ज्या घरात पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री किंवा सत्तरीपुढची व्यक्ती आहे, तेथे पुढचा अहवाल येईपर्यंत पिण्याचे पाणी उकळूनच द्यावे. पाण्याला चांगली खळखळून उकळी फुटली की पुरे, दहा-पंधरा मिनिटे इंधन जाळण्याची गरज नाही. उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून गार करावे. दुसऱ्या हंड्यात ओतले की त्या हंड्यातले जिवाणू त्यात येतात.

पोहरा | 20 जून, रात्री 9:20

मी आमच्या ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे. टीसीएल पावडरचे, म्हणजे पाणी निर्जंतुक करणाऱ्या क्लोरीनच्या ब्लीचिंग पावडरचे, काम रोजचे असल्याने तेवढेच लिहितो.

पुष्कळ ठिकाणी पावडर मुठीने विहिरीत भिरकावली जाते. ती तळाशी जाऊन बसते, वरचे पाणी तसेच राहते, आणि पोहरा तळाला लागला की उग्र वासाचे पाणी येते. मग लोक म्हणतात की औषध टाकलेले पाणी पिववत नाही. योग्य पद्धतीत पावडर आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून तिची लापशी करायची, मग बादली पाऊण भरेल इतके पाणी घालून ढवळायचे आणि दहा मिनिटे चुना खाली बसू द्यायचा. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढायचे, ती बादली दोराने विहिरीत सोडून वर-खाली आणि आजूबाजूला हलवायची. खाली उरलेला चुना विहिरीत ओतायचा नाही. हे संध्याकाळी पाणी भरून झाल्यावर करावे आणि निदान एक तास कोणी पाणी काढू नये.

प्रमाण पाण्याच्या साठ्यावर ठरते. व्यासाला व्यासाने गुणून, त्याला पाण्याच्या खोलीने आणि 0.785 ने गुणले की घनमीटर मिळतात. ताईंच्या विहिरीत 4 मीटर पाणी असेल तर सुमारे 28,000 लिटर होतात. दर 1000 लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर धरली तर 70 ग्रॅम लागतील. जुलैत पाणी 7 मीटर झाले की साठा 49,000 लिटरच्या पुढे जातो आणि मात्रा 125 ग्रॅमच्या आसपास येते. आमच्या भागात वर्षभर एकच ठरलेला डबा टाकणारे लोक आहेत, म्हणून हा हिशेब मुद्दाम मांडला.

पावडरची ताकदही पाहावी लागते. ताज्या पावडरमध्ये 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण पिशवी उघडी राहिली किंवा दमट खोलीत पडली की तो उडून जातो. त्यामुळे शेवटी विश्वास ओटी चाचणीवरच, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून दाखवणाऱ्या चाचणीवरच, ठेवावा. एक तासानंतर पाणी घेऊन थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला पाहिजे, आणि विहिरीत लिटरला अर्धा मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरला पाहिजे. नळाच्या शेवटच्या घरात निदान 0.2 मिलिग्रॅम हवा. रंगच आला नाही तर पाण्यातील घाणीने सगळा क्लोरीन खाल्ला आहे असे समजून मात्रा वाढवायची.

पावसाळ्याआधी आणि नंतर अशी वर्षातून दोनदा गावच्या पाणीस्रोतांची स्वच्छता तपासणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. खासगी विहिरींचे मालक मात्र स्वतःहून काहीच पाहत नाहीत. ताईंनी आपल्या विहिरीभोवती एकदा सावकाश फिरून यावे, असे मी सुचवीन.

सिंहगडरस्ता | 21 जून, सकाळी 11:10

हा धागा कोकणातील विहिरीवर आहे, तरी नळाचे पाणी पिणाऱ्यांनीही तो वाचावा म्हणून लिहितो. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात गीयाँ-बारे या मज्जासंस्थेच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले आणि संशयितांची संख्या 200 च्या पुढे गेली. त्यांतील बरेच जण सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला या पट्ट्यातील होते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. आमच्या इमारतीतील एका तरुण शेजाऱ्याचे पाय दोन दिवसांत लुळे पडलेले मी पाहिले आहे. जुलाब चार दिवसांत थांबले होते, त्यामुळे त्यांचा कोणी विचारच केला नव्हता.

त्यानंतर मी नळयोजनांविषयी वाचू लागलो. आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच येते. पाणी बंद असताना वाहिनीतील दाब नाहीसा होतो, आणि सैल सांध्यांतून किंवा गंजलेल्या भोकांतून बाहेरचे पाणी आत शिरते. जुन्या वस्त्यांत घरगुती जोडणीची नळी कित्येक ठिकाणी थेट गटारातून गेलेली असते. त्यात कोणी वाहिनीला थेट मोटार लावली तर ती केवळ शेजाऱ्याचे पाणी ओढत नाही, बाहेरचा मैलाही ओढते. जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी उत्तम असूनही घरात येणारे वाईट असते ते यामुळे. सुरुवातीची पाच-दहा मिनिटे आलेले पाणी आम्ही आता पिण्यासाठी भरत नाही.

मृद्गंध | 21 जून, सायंकाळी 5:45

आमच्या आजी तांब्याच्या घागरीतच पाणी ठेवत आणि ते कधी बाधले नाही. तांब्याने जिवाणू मरतात हे खरे आहे का? आणि घरात शुद्धीकरणाचे यंत्र बसवले तर विहिरीची एवढी चिंता करण्याची गरज उरेल का?

शुद्धोदक | 21 जून, रात्री 10:00

तांब्याबाबत आजींचे म्हणणे निराधार नाही. प्रयोगशाळेत जिवाणू मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवल्यावर ते जिवंत सापडले नाहीत, असे प्रयोग झाले आहेत. मात्र त्यासाठी रात्रभर थांबावे लागते, भांडे आतून स्वच्छ घासलेले हवे आणि पाणी गढूळ नसावे. पावसाळ्यात चार घरांना पुरेल इतके पाणी असे साठवणे कठीण आहे.

यंत्राला माझा विरोध नाही. पण अतिनील दिव्याचे यंत्र वीज गेल्यावर निरुपयोगी ठरते, आणि जूनमध्ये कोकणात वीज किती वेळ असते हे सर्वांना ठाऊक आहे. गढूळ पाण्यात जिवाणू कणांच्या आड लपतात आणि किरण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. गाळणी वेळेवर बदलली नाही तर तिच्यातच जिवाणूंची वाढ होते. शिवाय शेजारची तीन घरे विहिरीचेच पाणी पीत राहतील. जारमधील थंड पाण्याविषयीही हेच सांगेन, कारण गारव्याने जिवाणू मरत नाहीत, ते केवळ वाढायचे थांबतात.

घरातील साठवणुकीकडे मात्र अवश्य पाहा. उघड्या तोंडाच्या पिंपात हात घालून तांब्या बुडवला की शुद्ध केलेले पाणी पुन्हा दूषित होते. लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटी असलेले भांडे वापरल्याने बराच फरक पडतो.

पाणवठा | 6 जुलै, सकाळी 8:15

उशिरा लिहीत आहे. सासूबाई आणि मुले आता बरी आहेत. प्रयोगशाळेचा अहवाल आला असून त्यात ई. कोलाय आढळला आहे.

पोहरा दादांच्या सांगण्यावरून आम्ही दोघे आणि चुलत दीर, अशा तिघांनी मिळून विहिरीभोवती फेरी मारली. धुणे धुण्याचा कट्टा कठड्याला लागूनच आहे आणि त्याच्या खालचा कोबा फुटलेला आहे. साबणाचे पाणी चिऱ्यांच्या सांध्यांतून आत झिरपत होते, ते आतल्या बाजूने हिरव्या ओल्या पट्ट्यासारखे स्पष्ट दिसले. पोहऱ्याचा दोर ओल्या जमिनीवर पडलेला असतो आणि तेथूनच गुरे जातात. इतकी वर्षे मी रोज तेथे उभी राहते, पण हे मी कधी पाहिले नव्हते. कट्टा आता बंद केला आहे, चिऱ्यांचे सांधे बाहेरून सिमेंटने भरले आहेत आणि दोर टांगायला खुंटी ठोकली आहे. टीसीएलची मात्रा दर आठवड्याला पाणी मोजून ठरवतो आणि ओटी रोज करतो.

तरीही 2 जुलैच्या रात्री मुसळधार पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीला रंगच आला नाही. आदल्या संध्याकाळी तो चांगला पिवळा आला होता. म्हणजे एका रात्रीत आत शिरलेल्या पाण्याने सगळा क्लोरीन संपवला, असे आम्ही समजलो. कट्ट्याच्या दुरुस्तीनंतरही हे झाल्यामुळे दीर स्वतःच म्हणाले की आता खड्ड्याचे काहीतरी करायलाच हवे. तो कोठे हलवावा, हे कृपया सांगाल का?

कातळमाळ | 6 जुलै, रात्री 9:35

आपण पावसाची रात्र आणि ओटीचा रंग यांची नोंद ठेवलीत, हे फार मोलाचे आहे. घाणीचे पाणी किती लवकर विहिरीत पोहोचते, हे त्यातून कळते.

जागा आत्ता ठरवू नका. शेडीचा उतार जमिनीच्या उतारासारखाच असेल असे गृहीत धरता येत नाही. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, घरामागच्या उतारावर खाली चालत जा आणि झरे कोठे फुटतात, ओल कोणत्या रेषेत टिकते, कोणत्या बाजूच्या विहिरी आधी आटतात हे लिहून ठेवा. पाणी शेडीवरून जिकडे जाते ती दिशा त्यावरून बरीचशी कळेल. खड्डा त्या दिशेने विहिरीच्या खालच्या अंगाला न्यायचा. खोल खणायचा नाही. उथळ आणि लांबट चर काढायचा, म्हणजे पाणी वरच्या मातीतच पसरेल. खड्डाच करावा लागला तर तळ सिमेंटने बंद करून भोवती अर्धा मीटर जाडीचा बारीक वाळूचा थर द्यावा, म्हणजे जांभ्याने न केलेले गाळणीचे काम वाळू करील.

तोवर सेप्टिक टाकीतील गाळ उपसून घ्या. टाकी गाळाने भरलेली असेल तर मैला न मुरताच खड्ड्यात जातो. तिन्ही शेजाऱ्यांनाही उकळलेलेच पाणी प्यायला सांगा.

पाणवठा | 7 जुलै, सकाळी 7:05

टाकी बांधल्यापासून एकदाही उपसलेली नाही, असे दीर म्हणाले. पावसाची उघडीप मिळताच गाडी बोलावत आहोत. तिन्ही घरी काल रात्रीच जाऊन सांगून आले. दिवाळीत झऱ्यांच्या जागा लिहून येथेच देईन.